वेढा, खूण, मिलिलिटर

नागपूरहून पॅसेंजरने वर्ध्याकडे निघाले की बुटीबोरी, बोरखेडी मागे पडतात आणि सिंदी येते. गावाच्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लिहायची पद्धत आहे, कारण वर्धा शहराला खेटून दुसरी एक सिंदी आहे, सिंदी (मेघे). भुसावळहून निघालेला जी.आय.पी. रेल्वेचा फाटा १८६७ साली नागपूरला पोचला आणि कपाशीच्या या पट्ट्यातल्या गावांना मुंबईची वाट सापडली. हल्ली सिंदीचे नाव ड्राय पोर्टच्या निमित्ताने छापून येते. जिल्ह्यातल्या माणसाला विचाराल तर तो मात्र तान्ह्या पोळ्याचे नाव घेईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांचे लाकडी बैल ओढत पोरे निघतात आणि मोठी माणसे त्यांच्या मागे असतात.

यातलेच एखादे पोर तापाने फणफणले तर आईबापांपुढे रेल्वेच्या दोन दिशा असतात. इकडे नागपूरचे मेयो आणि मेडिकल, तिकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. पण ताप चढतो रात्री आणि गाडी असते सकाळची. पहिला डोस बहुधा घरातच दिला जातो, आणि तो देताना प्रश्न एकच असतो: “पोराले कितीक देऊ?” प्रश्न जुनाच आहे. उत्तर कशाच्या आधारावर द्यायचे, हे मात्र गेल्या दोनशे वर्षांत पार बदलले.

मराठी घरांत तान्ह्या मुलाच्या औषधाचे पहिले माप म्हणजे वेढा. बाळगुटीच्या पुरचुंडीत हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, मायफळ, मुरडशेंग, सागरगोटा, हळकुंड, ज्येष्ठमध, अतिविष, खारीक, बदाम अशी मंडळी. सहाणेवर आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि एकेक वस्तू उगाळायची. सहाणेवर ती एकदा गोल फिरली की एक वेढा. कशाचे दोन वेढे, कशाचा एकच, जायफळाचा तर अर्धाच आणि तोही पोर फारच किरकिरत असेल तर. बाळ वाढेल तसे वेढे वाढवायचे. उगाळलेले चाटण बोटाने चाटवायचे, नाहीतर बोंडल्यातून पाजायचे. जायफळ जास्त गेले तर पोर गुंगते, हे घरातल्या म्हातारीला पक्के ठाऊक असे.

पद्धत म्हणून वेढा वाईट नव्हता. त्यात मोजणी होती, चढता क्रम होता, कुठली वस्तू जपून द्यायची याचे भान होते. पण हाताचा दाब किती, सहाण नवी की झिजलेली, हळकुंड कोरडे की भिजलेले, यावर एकाच वेढ्यात उतरणारे औषध कमीजास्त होई. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका, गुटीसुद्धा नको, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत हा हिशेब अधिक शिस्तीने मांडलेला आहे. सुश्रुताने मुलांचे तीन गट केले: नुसते दूध पिणारे, दूध आणि अन्न दोन्ही घेणारे, आणि अन्न खाणारे. पहिल्याला बोटाच्या दोन पेरांवर मावेल एवढे औषध, दुसऱ्याला बोराच्या बीएवढे, तिसऱ्याला बोराएवढे. काश्यपसंहितेच्या परंपरेत नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वावडिंगाच्या दाण्याएवढी मात्रा आणि पुढे महिन्यागणिक वाढ. शार्ङ्गधराने तर जवळजवळ कोष्टकच दिले. पहिल्या महिन्यात एक गुंज, मग वर्षभर दर महिन्याला एकेक गुंज जास्त. वर्षानंतर दर वर्षाला एक मासा, सोळाव्या वर्षापर्यंत. सोळा ते सत्तर मात्रा स्थिर, आणि सत्तरीनंतर लहान मुलांसारखीच ती हळूहळू बेताची करत आणायची. हे प्रमाण चूर्णाचे आणि कल्काचे. काढा असेल तर चौपट. औषध कोरडे की पातळ, यावर माप बदलते हे शार्ङ्गधराने सांगून ठेवले होते. या सगळ्यांत पोराचे वजन कुठेच नाही. सुश्रुताच्या गटांत तर वयाचा आकडाही नाही, आहे ते पोराच्या पचनाचे मोजमाप. ही दृष्टी किती शहाणी होती, ते आधुनिक औषधशास्त्राला विसाव्या शतकाच्या मध्यावर फार महाग पडून कळले. ते पुढे येईल.

घरगुती मापाची एक काळी बाजूही होती. १८९३ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन ओपियमपुढे ज्या साक्षी झाल्या, त्यांत तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल देशाच्या अनेक भागांतून सांगितली गेली. त्यात मध्य प्रांत आणि वऱ्हाडही होते. निंदणीला, कापूस वेचायला गेलेल्या बाईला पोर बांधावर झोपून राहिलेले हवे असे. मुंबईच्या गिरणगावात याच कामाला बाळगोळी होती. १९२० च्या दशकात कामगार बायकांच्या बाळंतपणांची जी पाहणी झाली, तिच्यात या गोळीचा उल्लेख येतो. इथे डोस पोराच्या वयावर ठरत नव्हता आणि प्रकृतीवरही नाही. तो ठरत होता आईच्या कामाच्या पाळीवर. अफूची सवय जडली की तेवढीच गोळी पुरत नाही, म्हणून मात्रा वाढवावी लागे, आणि एखाद्या दिवशी पोर उठतच नसे. अशा बाईला अडाणी ठरवणे सोपे आहे. पाळणाघर नसलेल्या गिरणीबद्दल मात्र त्या काळात फारसे कोणी बोलले नाही.

आता बाटलीकडे वळू. नागपूरच्या मेयो हॉस्पिटलला जोडून रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते. तिथून आणि इतर अशाच शाळांतून बाहेर पडलेले डॉक्टर लहान गावांत दवाखाना थाटत, आणि दवाखान्याच्या पडद्याआड कंपाउंडर असे. पेशंटने घरून बाटली आणायची, कंपाउंडरने तिच्यात मिक्श्चर भरायचे. खरी करामत पुढे होती. कागदाची अरुंद पट्टी घेऊन तिच्या घड्या घालायच्या, कात्रीने कडेला तिरक्या खाचा पाडायच्या आणि पट्टी उलगडून खळीने बाटलीवर चिकटवायची. सारख्या अंतरावर सहा खुणा, म्हणजे सहा डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते माप कळत असे. मोठ्या माणसाला एक खूण, पोराला अर्धी, तान्ह्याला ‘खुणेच्या खाली जराशी’. एवढ्या स्वस्तात एवढे उपयोगी माप क्वचितच कोणी काढले असेल.

पण पट्टी सारखी असली तरी औषध सारखे असेलच असे नाही. मिक्श्चरमधली पूड तळाशी बसते. बाटली न हलवता दिलेला पहिला डोस पाणचट आणि शेवटचा गच्च. सहा खुणांचे सहा वेगळे डोस. ‘हलवून घ्या’ ही सूचना कंपाउंडर तोंडाने देई, आणि ती आजही प्रत्येक सस्पेन्शनच्या बाटलीवर छापलेली असते.

पोराला अर्धीच खूण का? पाव का नाही? याचे उत्तर विलायती पुस्तकांत होते. थॉमस यंग हा लंडनचा डॉक्टर. प्रकाश लहरींच्या रूपात जातो हे प्रयोगाने दाखवणारा आणि रोझेटा शिलालेखाच्या वाचनात हात घालणारा तो हाच यंग. १८१३ साली त्याने मुलांच्या डोसचा नियम दिला: मुलाचे वय भागिले वय अधिक १२. दोन वर्षांच्या मुलाला दोन भागिले चौदा, म्हणजे मोठ्या माणसाच्या डोसचा सातवा हिस्सा. हा नियम शंभर वर्षांहून जास्त काळ टिकला, कारण तो तोंडी करता येत होता. पुढे वर्षापेक्षा लहान बाळांसाठी महिने भागिले १५० असा फ्रीडचा नियम आला. आणि मग क्लार्कच्या नावाने ओळखला जाणारा नियम, ज्यात वय सुटले आणि वजन आले: मुलाचे वजन पौंडांत, भागिले १५०.

तो १५० कुठून आला? १५० पौंड म्हणजे ६८ किलो, पाश्चात्त्य पुस्तकांनी गृहीत धरलेल्या प्रौढ माणसाचे वजन. वर्ध्याच्या शेतात राबणारी बाई ६८ किलोची कधी असते? ती ४५ किलोची असली तर तिच्यासाठीचा ‘पूर्ण’ डोस आधीच दीडपट झालेला असतो, आणि पोराचा हिस्सा त्या काल्पनिक माणसापासून काढलेला. या अपूर्णांकांत आणखीही एक गोम होती. मोठ्यांचा डोस म्हणून कोणता आकडा धरायचा, यावर सगळे अवलंबून. पॅरासिटॅमॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी धरली तर यंगच्या नियमाने दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ७० मिलिग्रॅमच्या आसपास येते. मूल १२ किलोचे असेल तर आजच्या प्रमाणाने त्याला १८० लागते. म्हणजे ताप उतरणारच नाही. यंगचा नियम जपून पाऊल टाकणारा होता. विषारी औषधांच्या काळात ते बरेच होते. प्रतिजैविकांच्या काळात कमी डोस हाही धोकाच झाला.

मापांचा गोंधळ निराळा. जुने डॉक्टर ग्रेन, मिनिम, ड्रॅम आणि औंसात लिहीत, घरात गुंज, मासा, तोळा चाले. एक द्रव ड्रॅम म्हणजे साधारण ३.६ मिलिलिटर, आणि चहाचा चमचा म्हणजे एक ड्रॅम असे धरले जाई. ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि औषधांच्या दुनियेत तोच चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा ठरला. स्वयंपाकघरातला चमचा बदलला नाही, कागदावरचा बदलला.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालचा. पेनिसिलिन देशात बनू लागले आणि मुलांच्या वॉर्डातला हिशेब ‘मोठ्यांच्या किती हिस्सा’ सोडून ‘दर किलोला किती’ असा झाला. किलोच्या हिशेबाला तेवढ्यात एक जबर तडाखा बसला. क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचे हुकमी औषध. नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते वजनाप्रमाणे, अगदी गणित चुकू न देता दिले गेले, आणि बाळे राखाडी पडून दगावू लागली. १९५९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कारण दाखवून दिले. नवजात बाळाचे यकृत हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याइतके तयार झालेले नसते. औषध रक्तात साठत जाते. वजन बरोबर, गुणाकार बरोबर, बाळ मात्र वेगळे. म्हणूनच आजच्या कोष्टकांत पहिल्या महिन्याच्या बाळाचा रकाना स्वतंत्र असतो, आणि कित्येक औषधांत पहिल्या आठवड्याचा आणखी वेगळा. सुश्रुताचा दूधपित्यांचा गट इथे नव्या कपड्यांत परत आलेला दिसतो.

सिंदीहून वर्ध्याकडे जाताना सेवाग्रामचे स्टेशन लागते. गांधीजींच्या हयातीतच, १९४४-४५ मध्ये, इथे कस्तुरबांच्या नावाने बायका-मुलांसाठी छोटा दवाखाना सुरू झाला. त्यामागे डॉ. सुशीला नायर होत्या. पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ साली त्यांनी सेवाग्रामलाच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. आज सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) या दोन्ही ठिकाणी नर्सिंगचे शिक्षण मिळते, आणि बालरुग्ण परिचर्येच्या पेपरात डोसचे गणित असतेच. त्यातले सूत्र मराठीत सांगायचे तर असे: पाहिजे तेवढे मिलिग्रॅम भागिले बाटलीतले मिलिग्रॅम, गुणिले तेवढे मिलिग्रॅम ज्या मिलिलिटरमध्ये आहेत ते मिलिलिटर.

एक उदाहरण जवळून पाहू. बाळ ८ किलोचे, ताप आलेला. डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉल लिहिले, किलोला १५ मिलिग्रॅम. आठ पंधरे एकशेवीस. बाटलीवर लिहिलेले असते ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. १२० भागिले १२५ गुणिले ५, म्हणजे ४.८ मिलिलिटर. वॉर्डातली सिस्टर यासाठी सुई काढलेली ५ मिलिलिटरची सिरिंज घेते. त्या सिरिंजवर दर ०.२ मिलिलिटरला एक रेघ असते, म्हणून ४.८ म्हणजे पाचाच्या आधीची एक रेघ. बाटली हलवायची, औषध ओढायचे, हवेचा बुडबुडा वर आणून बाहेर काढायचा आणि रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहायची. मग बाळाला थोडे उठते धरून गालाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे सोडायचे. घशात सरळ सोडले तर ठसका लागतो.

यात गुणाकार-भागाकार सातवीच्या पोरालाही येईल असा आहे. मग तीन-तीन वर्षे ते का घोकून घेतात? कारण चूक गणितात कमी होते, वाचण्यात जास्त. हेच औषध ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दाट सिरपमध्येही मिळते. तिथे उत्तर २.४ येते. आणि तान्ह्यांसाठीच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात, तिथे १.२ पुरे. आता कोणी सिरपची सवय असल्याने ड्रॉप्सचे ४.८ मिलिलिटर पाजले तर पोटात गेले ४८० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला दिवसभरात जेवढे फार तर द्यायचे, तेवढे एका घोटात. बाटली लहान, म्हणून औषध सौम्य असणार, असा साधा समज इथे उलटा पडतो. दशांशचिन्हाचेही तसेच. ‘.५’ मधला ठिपका पुसट झाला की ५ होतो, ‘५.०’ मधला निसटला की ५०. म्हणून ठिपक्याआधी शून्य लिहायचे आणि ठिपक्यानंतर उगाच लिहायचे नाही, हा नियम नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षीच हातात बसवला जातो. अमेरिकेत ड्रॉप्स आणि सिरपचा घोळ इतका झाला की २०११ मध्ये कंपन्यांनी मुलांच्या पॅरासिटॅमॉलची दाटता एकच करून टाकली. आपल्याकडे दुकानात आजही तिन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात, आणि हे थांबायला हवे.

वजन ठाऊक नसेल तर? भारतातल्या बालरोगाच्या पुस्तकांत यासाठी वीचचे सूत्र शिकवतात: एक ते सहा वर्षांपर्यंत वयाची दुप्पट अधिक आठ. दोन वर्षांचे मूल बारा किलोचे. हे धडधाकट मुलाचे वजन झाले. मेळघाटात किंवा गडचिरोलीत दोन वर्षांचे कुपोषित मूल साडेसात किलोचे भरू शकते. त्याला सूत्राने डोस दिला तर दीडपटीहून जास्त जातो, आणि तोही अशा शरीरात जिथे यकृत आधीच थकलेले. अमेरिकेतल्या ब्रोझेलो यांनी १९८५ च्या सुमारास रंगीत पट्टी काढली. मूल झोपवून लांबी मोजायची आणि रंगावरून वजन व डोस वाचायचा. ती भारतीय मुलांवर पडताळून पाहिली तेव्हा दहा किलोवरच्या मुलांचे वजन ती जास्त दाखवते असे निघाले. उंची असते, अंगावर मांस नसते. काट्याला पर्याय नाही.

काटा गावात आणला तो अंगणवाडीने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीपासून झाली. तुळईला टांगलेला घड्याळासारखा काटा, त्याखाली कापडी झोळी, झोळीत रडणारे पोर आणि भिंतीवर वाढीचा तक्ता. वजन घेण्याचा हेतू कुपोषण ओळखणे हा होता. पण याच कामातून विदर्भातल्या खेड्यातली मुलांची वजने प्रथमच नियमाने लिहिली जाऊ लागली.

त्या आकड्याचा औषधाशी सांधा जोडण्याचे मोठे काम गडचिरोलीत झाले. डॉ. राणी बंग आणि सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. मुले न्यूमोनियाने मरत होती आणि डॉक्टर लांब होता. त्यांनी ५८ गावांत आरोग्यसेवक आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्साझोल द्यायला शिकवले; ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. दायांपैकी अनेकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांची चौकट तयार केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. या सेवकांनी उपचार केलेल्या ६१२ मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. मोजता न येणाऱ्या बाईच्या हातात औषध देऊ नये, हा तोवरचा समज होता. बंगांनी बाईला बाजूला सारले नाही, मोजण्याची रीत सोपी केली. लहान मुलांच्या औषधाच्या इतिहासात यंगच्या सूत्रापेक्षा मी या मण्यांना मोठे मानतो.

पुढचे पाऊल नवजात बाळांचे. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका घरी जाऊन बाळाचे वजन करत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर कोट्रायमोक्साझोलचे सिरप व जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. तिथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा खेड्यातली बाई इंजेक्शन देते म्हणून अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पण २०११ पासून घरोघरच्या नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर आशांकडे आला, आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने एएनएमना अशा बाळांना जेंटामायसिन द्यायला परवानगी दिली. त्यांच्या हातातल्या तक्त्यात गुणाकार नसतो. वजनाचे गट असतात आणि प्रत्येक गटापुढे किती मिलिलिटर ते लिहिलेले असते. गणित तज्ज्ञांनी एकदाच करून ठेवायचे, गावात फक्त काटा वाचायचा. ही युक्ती शार्ङ्गधराला पटली असती.

सरकारी कार्यक्रमांतली काही पातळ औषधे आजही वयावरच चालतात, आणि तिथे ते योग्यच आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात १ मिलिलिटर, पुढचे दर सहा महिन्यांनी २ मिलिलिटर. बाटलीसोबतच्या चमच्यावर तेवढ्याच दोन खुणा. लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. यांची सुरक्षित मर्यादा रुंद असते, म्हणून अर्धा किलो इकडेतिकडे चालतो. उलट हगवणीने सुकलेल्या मुलाला पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर क्षारसंजीवनी द्यायची असते. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. तिथे काटा हवाच.

चमच्याची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. ग्रीसमधल्या संशोधकांनी घराघरांतून चहाचे चमचे गोळा करून मोजले, तेव्हा एकात २.५ मिलिलिटर मावत होते तर दुसऱ्यात ७.३. आपल्या डब्यातले चमचे काढून मोजले तर वेगळे काही निघेल असे वाटत नाही. ‘एक चमचा’, ‘एक टोपण’ ही भाषा दवाखान्यातसुद्धा चालते. घाईच्या ओपीडीत ती समजण्यासारखी आहे. पण टोपणाच्या आतल्या रेघा धुऊन पुसट झाल्या की आई अंदाजाने ओतते.

आणि कधी कधी बाटलीच दगा देते; मग काटा, सिरिंज, सूत्र सगळे व्यर्थ. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाच्या औषधाचे सिरप डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवले गेले आणि शंभरावर माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या भेसळीचे धागेदोरे उलगडून दाखवले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची मुले खोकल्याच्या सिरपने किडन्या निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. वीसहून जास्त मुले गेली. तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघाले. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपे लिहू नका, आणि पाच वर्षांखाली ती सहसा नकोतच. अशा मुलांचा योग्य डोस शून्य मिलिलिटर, हेही डोसचेच गणित आहे.

आईबापांनी करण्यासारखे थोडेच आहे, पण तेवढे जरूर करावे. पोराचे ताजे वजन तारखेसह लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवा. नवी बाटली हाती आली की किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते आधी वाचा, आणि मागच्या बाटलीचा डोस डोळे झाकून पुढच्या बाटलीला लावू नका. ‘एक चमचा’ असे कोणी सांगितले तर किती मिलिलिटर ते विचारा. डॉक्टरांना राग येत नाही, आणि आला तरी विचारा. बाटलीसोबतचे माप किंवा सिरिंज टाकून देऊ नका. वजन ठाऊक नसेल तर जवळच्या अंगणवाडीत काटा आहे, आणि तिथे वजन करायला पैसे पडत नाहीत.